तिऱ्हाईताची साक्ष

“आमच्याकडून व्यवस्थित जातंय.”

“आमच्याकडे पोचतच नाहीये.”

हे भांडण मी इतक्यांदा भांडले आहे की आता दोन्ही बाजू तोंडपाठ आहेत. कधी मी पाठवणाऱ्यांच्या गोटात असते, कधी घेणाऱ्यांच्या. बॅकएंडवाली, म्हणजे सर्व्हरची बाजू सांभाळणारी, मैत्रीण तिचा कोड उघडून दाखवते. त्यात पाठवायची ओळ असते. मी माझा उघडते. त्यात घ्यायची ओळ असते. दोघींच्या घरी सगळं जागच्या जागी, आणि स्क्रीनवर मात्र गोल फिरणारं चक्र.

अशा वेळी दोघींपैकी कुणाचंच न ऐकणारा तिऱ्हाईत लागतो. माझ्याकडे तो फिडलर नावाच्या, ॲप आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसून त्यांचं बोलणं दाखवणाऱ्या साधनाच्या रूपाने आला. एरिक लॉरेन्स यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये काम करत असताना २००३ मध्ये हे साधन बाहेर आणलं. २०१२ मध्ये ते टेलेरिककडे गेलं. चार्ल्स आणि एमआयटीएमप्रॉक्सी हे त्याचे भाऊबंद. त्यातल्या शेवटच्याचं नाव मला फार आवडतं. त्यातलं एमआयटीएम म्हणजे ‘मॅन इन द मिडल’, हा खरं तर हल्ल्याचा प्रकार. दोघांच्या मध्ये गुपचूप बसून बोलणं ऐकायचं, जमलं तर बदलायचं. या गड्याने तीच शिवी पाटी करून दारावर लावली आहे.

काम साधं आहे. तुमच्याच मशीनवर एक प्रॉक्सी, म्हणजे मधला निरोप्या, बसतो, फिडलर आणि चार्ल्स असतील तर ८८८८ या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं की बाबा, इथून जा. रिक्वेस्ट, म्हणजे मागणी, आधी त्याच्या हातात पडते, मग सर्व्हरकडे जाते. रिस्पॉन्स, म्हणजे उत्तर, तोही त्याच्या हातातूनच परत येतो. ब्राउझरमधला नेटवर्क टॅब यातलं बरंच दाखवतो, पण तो पडला ब्राउझरच्या घरचा माणूस. फोनमधलं ॲप काय बोलतंय, पलीकडे चाललेली डेस्कटॉपवरची खिडकी काय बोलतेय, याचा त्याला पत्ता नसतो.

पहिल्यांदा फिडलर चालू केला तेव्हा मी काहीच करत नव्हते. हात मांडीवर होते. तरी डावीकडच्या यादीत ओळींवर ओळी पडत गेल्या: कुणीतरी नवी आवृत्ती आली का विचारतंय, कुणीतरी मेल आला का विचारतंय, कुणीतरी “मी अजून जिवंत आहे” एवढंच कळवून परत जातंय. दोन-तीन मिनिटांत शंभराच्या पुढे. रात्री सगळे झोपल्यावर घरातल्या पाइपांचे आवाज ऐकू यायला लागतात, तसं वाटलं. मशीन मुकं आहे अशी माझी समजूत होती.

त्या साधनाशी माझी खरी सोयरीक जुळली ती मात्र सात या आकड्यामुळे.

आमच्या ॲपमध्ये प्रोफाइलचा फोटो मधूनच येत नसे. रोज नाही, सगळ्यांना नाही. लॉगमध्ये, म्हणजे ॲपच्या नोंदवहीत, फोटोच्या कॉलसमोर (फोटो मागवणाऱ्या रिक्वेस्टसमोर) एक विचित्र तक्रार: रिस्पॉन्सची पहिली ओळ वाचता येत नाही. मी दोन दिवस फोटोचा कोड चाळला. कॅशे साफ केली, लायब्ररीची आवृत्ती बदलली, एकदा तर फोटोचा आकारच कमी करून पाहिला, का ते आज मलाही सांगता येणार नाही. सर्व्हरच्या बाजूला विचारलं तर फोटो बिनचूक जात होता. आणि तो जातच होता.

तिसऱ्या दिवशी टेस्टचा फोन प्रॉक्सीमागे लावला आणि फोटोच्या ओळीकडे न बघता तिच्या आधीच्या ओळी बघत बसले. फोटोच्या नेमका आधी एक किरकोळ कॉल जायचा. वापरकर्त्याने स्वतः ठरवलेला स्वागताचा मजकूर साध्या टेक्स्टमध्ये परत देणं एवढंच त्याचं काम. स्टेटस २००, म्हणजे सगळं ठीक. हेडरमध्ये, म्हणजे उत्तराच्या पाकिटावरच्या मजकुरात, कंटेंट-लेंग्थ (आतल्या मजकुराची लांबी): ७. आणि बॉडीत, म्हणजे पाकिटाच्या आत, ‘नम’, त्याच्यापुढे काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह.

मजकूर होता ‘नमस्कार’.

हेक्स व्ह्यू, म्हणजे मजकूर कच्च्या बाइटांत दाखवणारी खिडकी, उघडला. ई०, ए४, ए८ हे तीन बाइट म्हणजे न. ई०, ए४, एई म्हणजे म. आणि मग एकटा ई०. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत मांडायच्या रीतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि प्रत्येकाची सुरुवात ई० नेच होते. म्हणजे ‘स’ने उंबऱ्यात एक पाऊल टाकलं होतं आणि दार बंद झालं होतं. न, म, स, हलंत, क, काना, र अशी सात चिन्हं. सर्व्हरवर कुणीतरी स्ट्रिंगची लांबी मोजली, सात आली, ती कंटेंट-लेंग्थमध्ये घातली. तिथे अक्षरं नाही, बाइट मोजायचे असतात. एकवीस.

इंग्रजी मजकुरात एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे तिथे ही चूक चूक नसतेच. आमचा सगळा टेस्ट डेटा ‘टेस्ट वन’, ‘टेस्ट टू’ असा रोमन लिपीत टाइप केलेला. तिथे वर्षभर सगळं सुरळीत. कुणीतरी स्वतःच्या लिपीत नमस्कार केला आणि गाडं अडलं.

पण यात फोटोचा काय दोष? उरलेले चौदा बाइट गेले कुठे? ते त्याच कनेक्शनवर पडून राहिले. एचटीटीपी १.१ या वेबच्या बोलीत एक कनेक्शन पुढच्या कॉलसाठी उघडं ठेवतात. ॲपने सात बाइट वाचले, काम झालं समजून त्याच वाटेवर फोटो मागवला आणि उत्तर म्हणून आधी आले ते मागचे उरलेले ‘स्कार’. रिस्पॉन्सची पहिली ओळ अशी कशी, म्हणून ॲप कोलमडलं आणि लॉगमध्ये नाव लागलं फोटोचं. दोन दिवस मी फिर्यादीलाच उलटसुलट प्रश्न विचारत होते.

मैत्रिणीला स्क्रीन दाखवली. ती त्या एकट्या ई० कडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “हे मीच लिहिलंय गं.” दुरुस्ती एका ओळीची होती. त्या दिवशी भांडण झालंच नाही.

त्यानंतर मला एक खोड लागली. कुठलाही बग आला की आधी कोड उघडायचा नाही, आधी यादी बघायची. यादीत काय काय सापडतं! एकच माहिती तीन वेळा मागवणारं पान. ओळीच्या आधी आणखी एक ओळ, ऑप्शन्स नावाची, जी मी कधी लिहिलीच नव्हती. दुसऱ्याच्या दारात जाण्याआधी ब्राउझर स्वतःहून परवानगी मागतो ती. “मी डेटा बदलला तरी जुनाच दिसतो” या तक्रारीमागचा ३०४, म्हणजे सर्व्हरने ‘तुझ्याकडे आहे तेच वापर’ म्हणून रिकाम्या हाताने परत पाठवलेलं उत्तर. आणि माझा सगळ्यात जुना राग: स्टेटस २००, सगळं आलबेल, आणि आत जेसन, म्हणजे उत्तरातली मांडलेली माहिती, उघडलं तर ‘काहीतरी चुकलं’. हे लिहिणाऱ्यांना मी आजवर समजावते आहे. यादी स्टेटसप्रमाणे रंगवलेली असते, चुका लालभडक दिसतात. पण हसतमुखाने खोटं बोलणारी ओळ त्यात साळसूदपणे मिसळून जाते.

हेडर वाचण्यातही एक गंमत आहे. कुठल्या पानावरून आलात ते सांगणारा ‘रेफरर’ नावाचा हेडर १९९६ च्या आरएफसी १९४५ या इंटरनेटच्या नियमपत्रापासून चुकीच्या स्पेलिंगने चालू आहे. मधला एक ‘आर’ गळालाय. लक्षात येईपर्यंत सगळीकडे पसरला, मग तसाच राहिला. नंतर आलेल्या ‘रेफरर-पॉलिसी’ या हेडरमध्ये मात्र स्पेलिंग बरोबर आहे, त्यामुळे आता रिस्पॉन्समध्ये सुधारलेला धाकटा दिसतो आणि रिक्वेस्टमध्ये न सुधारलेला थोरला. देवनागरीत लिहिलं की दोघे सारखेच दिसतात, हे आपल्या लिपीचे उपकार.

नुसतं बघण्याच्या पुढे गेलं की हे साधन जरा अंगावर येतं. त्यात ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबा, लावता येतो, पण कोडमधल्या ओळीवर नव्हे, वाटेवर. सर्व्हरने उत्तर दिलंय, ते तुमच्या मशीनवर येऊन थांबलंय, आणि तुम्ही सोडेपर्यंत ॲपला ते मिळणार नाही. एका दुपारी मी असंच एका ऑर्डरचं उत्तर अडवून धरलं होतं. सर्व्हर फार सावकाश उत्तर देतो तेव्हा आमचं चक्र नीट फिरतं का, एवढंच बघायचं होतं. चक्र छान फिरत होतं. मी पाणी प्यायला गेले, दोन शब्द कुणाशी बोलले, परत आले तर यादीत दुसरी ओळ. तीच ऑर्डर, तोच पोस्ट (काही नवं करायला सांगणारी रिक्वेस्ट), तेच आकडे. मी बटण एकदाच दाबलं होतं.

आमच्याच नेटवर्क लेयरमध्ये कुणीतरी भल्या मनाने लिहून ठेवलं होतं: ३० सेकंदांत उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठव. माहिती मागवायची असेल तर हे ठीक. गेट, म्हणजे नुसती मागवणारी रिक्वेस्ट, दहादा केलं तरी पलीकडे काही बदलू नये अशी रीतच आहे. पुट (आहे त्या जागी लिहिणं) आणि डिलीट (पुसणं) पुन्हा पाठवल्यानेही निकाल बदलत नाही. पोस्टला मात्र ती हमी नाही. उत्तर आलं नाही याचा अर्थ काम झालं नाही असा होत नाही, आणि इथे तर काम झालेलं होतं, उत्तर माझ्या मुठीत होतं. मी मूठ सोडली. मग दुसरी सोडली. डेटाबेसमध्ये दोन ऑर्डरी.

“काही लोकांच्या दोन ऑर्डरी का पडतात?” हे टिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, आमच्याकडे कित्येक महिने होतं. त्याखाली आम्ही सगळ्यांनी मिळून काढलेला निष्कर्ष असा होता, की वापरकर्ते घाईने बटण दोनदा दाबतात. त्यासाठी आम्ही बटण दाबल्यावर करडं पडेल अशी सोयही केली होती. माणसाच्या बोटावर संशय घेणं किती सोपं असतं! मी त्या टिकीटाखाली दोन ओळींचा स्क्रीनशॉट डकवला, दोन्हींच्या वेळांत ३० सेकंदांचं अंतर, आणि काही लिहिलं नाही. ते पुन्हा पाठवण्याचं कलम लिहिणारं ‘कुणीतरी’ म्हणजे कोण हे आवृत्तींच्या इतिहासात बघितलं तेव्हा कळलं, की ती मीच होते. पुढे प्रत्येक ऑर्डरसोबत एक वेगळी खूण पाठवायला लागलो. तीच खूण दुसऱ्यांदा दिसली की सर्व्हर नवी ऑर्डर न करता जुनंच उत्तर परत देतो.

आता त्या अस्वस्थ करणाऱ्या भागाकडे येते. आज बहुतेक सगळी वाहतूक एचटीटीपीएसवरून, म्हणजे कुलूपबंद चालते. मधल्याने फक्त एवढंच बघावं की कनेक्ट नावाची रिक्वेस्ट आली, अमुक सर्व्हरपर्यंत बोगदा हवाय. आत काय चाललंय ते कळू नये, हीच तर टीएलएसची, म्हणजे त्या कुलपाची, सगळी खटपट. मग फिडलरला दिसतं कसं? तर तो प्रत्येक साइटच्या नावाचं प्रमाणपत्र, म्हणजे तिचं ओळखपत्र, जागच्या जागी तयार करतो. ब्राउझरला म्हणतो, मीच तो सर्व्हर. सर्व्हरला म्हणतो, मीच तो ब्राउझर. या प्रमाणपत्रांवर सही असते त्याच्या स्वतःच्या मूळ प्रमाणपत्राची, आणि त्या मूळ प्रमाणपत्रावर विश्वास ठेवा असं मशीनला तुम्हीच सांगायचं असतं.

त्या प्रमाणपत्राचं नाव आहे ‘डू नॉट ट्रस्ट फिडलर रूट’. विश्वास ठेवू नका या नावाच्या इसमावर विश्वास ठेवण्यासाठी ‘होय’ दाबायचं. मी पहिल्यांदा ते नाव वाचून हसले आणि ‘होय’ दाबलं. मग बँकेचं पान उघडलं, कुलपाचं चिन्ह होतं तसंच, आणि शेजारच्या खिडकीत माझा पासवर्ड साध्या अक्षरांत. हसू मावळलं. कुलूप माझं, किल्ली माझी, चोरही मीच, हे मान्य. तरी मी उठून खोलीत कुणी आहे का ते बघितलं.

ही किल्ली दुसऱ्या कुणाच्या हाती गेली तर काय होतं, ते २०१५ मध्ये जगाने पाहिलं. लेनोव्होच्या काही लॅपटॉपांवर सुपरफिश नावाचा जाहिराती घुसडणारा प्रोग्रॅम आधीपासूनच बसवून येत होता. युक्ती हीच: मूळ प्रमाणपत्र टाकायचं आणि मध्ये बसायचं. त्यातही सगळ्या मशीनांवर खासगी किल्ली एकच. एकाची काढली की सगळ्यांची दारं उघडी. फिडलर मात्र प्रत्येक मशीनवर वेगळी किल्ली बनवतो. फोनवाल्यांनीही पुढे दारं आवळली. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून वापरकर्त्याने घातलेल्या प्रमाणपत्रावर ॲप आपणहून विश्वास ठेवत नाहीत, ॲप बनवणाऱ्याने तसं मुद्दाम लिहावं लागतं. काही ॲप तर आपल्या सर्व्हरचं प्रमाणपत्र मनात पक्कं धरून असतात. तिथे मधल्याला उभंच करत नाहीत. काम करताना या सगळ्याचा मला मनस्वी वैताग येतो. घरी फोन हातात घेतला की तोच वैताग निवांतपणा वाटतो.

साक्ष नोंदवून ठेवता येते, हीही एक जोखीम. सगळी यादी एचएआर फाइलमध्ये जतन करून दुसऱ्याला पाठवायची सोय आहे, आणि “जरा एचएआर पाठव ना” हे आमच्याकडे दिवसातून दोनदा ऐकू येतं. त्या फाइलमध्ये कुकी असतात, टोकन असतात, तुम्ही लॉगिन केल्याच्या खुणा. म्हणजे पत्त्यासोबत चावीही. ऑक्टोबर २०२३ मध्ये लॉगिनची व्यवस्था पुरवणाऱ्या ओक्टा कंपनीच्या ग्राहकसेवा यंत्रणेत घुसखोरी झाली, तेव्हा घुसखोरांनी ग्राहकांनी मदतीसाठी पाठवलेल्या एचएआर फाइलींतूनच चालू सेशनची टोकनं उचलली होती. मी त्या आधी किती फाइली कुणाकुणाला पाठवल्या होत्या ते आठवत बसले आणि मग आठवणं सोडून दिलं. आता पाठवण्याआधी टोकनाच्या जागी फुल्या मारते.

आणि एक फजिती, सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकदा मशीन अचानक बंद पडलं. सकाळी चालू केलं तर इंटरनेट नाही. राउटर बंद-चालू केला, केबल काढून लावली, सेवा पुरवणाऱ्यांना फोन केला, त्यांच्याकडच्या मुलाने तिकडून शांतपणे सांगितलं की मॅडम, लाइन चालू आहे. मी म्हणाले, “आमच्याकडे पोचतच नाहीये.” हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि काय झालं असेल ते लख्ख कळलं. फिडलर न आवरताच मेला होता. सिस्टिमच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये अजून १२७.०.०.१ (म्हणजे हेच मशीन), पोर्ट ८८८८ लिहिलेलं होतं. सगळी वाहतूक निमूटपणे त्या दारावर जाऊन थडकत होती, जिथे आता कुणी राहत नव्हतं. मी त्या मुलाला “आलं, आलं” म्हणून फोन ठेवला.

तिऱ्हाईत म्हणजे अदृश्य नव्हे, हे असं कळत गेलं. तो मध्ये उभा राहिला की वाटच बदलते. ॲपचं कनेक्शन त्याच्याशी असतं, सर्व्हरचं वेगळं त्याच्याशी. सर्व्हरने मधेच तोडलेलं जुनं कनेक्शन तो बिनबोभाट नवं करून घेतो, ॲपला कळूही देत नाही. जुना फिडलर, ज्याला आता क्लासिक म्हणतात, एचटीटीपी १.१ पलीकडे जात नाही. त्यामुळे २०१५ मध्ये आलेल्या एचटीटीपी २ वर बोलणारे दोघे त्याच्यासमोर मुकाट्याने जुन्या बोलीत बोलायला लागतात. एचटीटीपी ३ तर यूडीपी नावाच्या वेगळ्याच वाटेवरून जातं. प्रॉक्सी लावला की ब्राउझर तो नाद सोडूनच देतो. म्हणजे आपण ऐकतो ते त्यांचं नेहमीचं बोलणं नसतंच, पाहुण्यांसमोरचं असतं.

सध्या आमच्याकडे एक टिकीट आहे. यादी बराच वेळ उघडी ठेवून मग खाली सरकवली की पुढच्या नोंदी येत नाहीत. माझ्या फोनवर होतं, मैत्रिणीच्या फोनवर होतं, टेस्टरच्या तिन्ही फोनांवर होतं. मी प्रॉक्सी लावला. नोंदी आल्या. प्रॉक्सी काढला, पाच मिनिटं थांबले. नोंदी नाहीत. लावला, आल्या. सहा वेळा. मैत्रीण मागे उभी राहून बघत होती, शेवटी म्हणाली, “मग सगळ्यांना प्रॉक्सीच देऊन टाकू या का?”

टिकीट अजून उघडं आहे. काल दुसऱ्या टीममधल्या कुणीतरी त्याखाली लिहिलंय: “फिडलर लावून नीट तपासलं. सगळं व्यवस्थित जातंय. बंद करू का?”